तातेवला शांतता शोधू नका

आर्मेनियाला जाऊन आलेल्या मित्रमंडळींच्या पोस्ट पाहा. तातेव मठाच्या फोटोखाली एक शब्द हमखास सापडतो: शांतता. 'इथे वेळ थांबतो', 'आतून शांत वाटलं', 'मनाचा डिटॉक्स'. माझं भांडण या शब्दाशी आहे. तुम्हाला तिथे शांत वाटलं असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती शांतता तुमच्या सुट्टीची आहे. ती मठाच्या नावावर खपवू नका.

तातेव दक्षिण आर्मेनियात, स्यूनिक प्रांतात, व्होरोतान नदीच्या खोल दरीच्या कडेला आहे. तिथलं पोघोस-पेत्रोस, म्हणजे संत पॉल आणि पीटर यांचं मुख्य चर्च ८९५ ते ९०६ या काळात बांधलं गेलं. २०१० साली दरीवरून ५,७५२ मीटर लांबीचा रोपवे सुरू झाला. साधारण बारा मिनिटांत तुम्ही मठाशी पोहोचता. मग अर्धा तास, चार रील आणि परत. रोपवेला माझा विरोध नाही. त्याच्या उत्पन्नातून मठाची डागडुजी व्हावी, असाच त्यामागचा हेतू आहे. पण प्रवासाचा व्हिडिओ बारा मिनिटांचा आणि मठाचा बारा सेकंदांचा, हे प्रमाण जरा तपासायला हवं.

कारण हा मठ म्हणजे मोठा जमीनदार होता. राजे-सरदार पुण्य मिळवायला गावंच्या गावं मठाला दान देत. जमीन, मळे आणि तिथे राबणारी माणसंही त्यात आली. गावकऱ्यांना कोण विचारणार? दहाव्या शतकात त्सुराबेर्द आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी हे दान मानायला नकार दिला आणि थेट मठाविरुद्ध उठाव केला. सत्ताधाऱ्यांनी तो बळाने मोडून काढला. ही हकिगत आपल्याला कळते ती स्तेपानोस ओर्बेल्यानच्या इतिहासग्रंथातून. तो तेराव्या शतकातला, आणि स्वतः स्यूनिकचा धर्मप्रमुख. म्हणजे शेतकऱ्यांची बाजूसुद्धा मालकाच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आली. आता सांगा, त्या भिंतींना टेकून 'किती शांत' म्हणताना आपण नेमकी कोणाची बाजू घेतो?

तातेवची दुसरी बाजू अभिमानाची आहे, पण शांत तीही नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे विद्यापीठ होतं. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, सुलेखन, चित्रकला, संगीत असं बरंच काही शिकवलं जाई. ग्रिगोर तातेवात्सी हे तिथले थोर आचार्य. १३९७ साली त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याचं नावच 'प्रश्नांचा ग्रंथ'. तैमूरच्या स्वाऱ्यांनी हा सगळा प्रदेश भाजून निघत होता, तो हाच काळ. आर्मेनियन लेखनिक पोथीची नक्कल पूर्ण झाली की शेवटी नोंद करत: कोणी लिहिली, कधी, कोणासाठी. अनेकदा तेव्हा देशावर कोणतं संकट होतं, तेही. आपण कमिट मेसेजमध्ये 'मायनर फिक्स' लिहून मोकळे होतो. यांनी आक्रमणाच्या धुळीतही नोंद ठेवली.

शांततावाल्यांचा एक चुलतभाऊ आहे: प्राचीन विज्ञानवाला. मठाच्या आवारात गावाझान नावाचा सुमारे आठ मीटर उंच खांब आहे, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो ढकलला तर डोलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा, अशी त्याची ख्याती. भूकंपाची किंवा शत्रूच्या फौजेची चाहूल तो देई, अशी कथा आहे. रीलमध्ये त्याचा लगेच 'हजार वर्षांपूर्वीचा सेन्सर' होतो. पण १९३१ च्या भूकंपात शेजारच्या मुख्य चर्चचा घुमट कोसळला, हे रीलमध्ये नसतं. दगडाचा खांब डोलता ठेवणं हीच केवढी कारागिरी! चमत्काराचं लेबल लावलं की कारागीरच गायब होतो.

'अरे, आम्ही सुट्टीला जातो, इतिहासाचा पेपर द्यायला नाही,' असं कोणी म्हणेल. कबूल. पण मग रिसॉर्टला जा. मठाच्या दारात उभं राहून त्याच्याबद्दल विधान करायचं असेल, तर ते खरं असावं एवढीच अपेक्षा आहे. 'शांत' म्हटलं की इथे कोणी राबलं नाही, कोणी भांडलं नाही, कोणी भीतीच्या सावलीत बसून पान पुरं केलं नाही, असा अर्थ होतो. गेलेल्या माणसांवर हा अन्यायच.

तेव्हा जरूर जा. तटाबाहेरची तेलाची घाणी बघा, मठ कशावर चालत होता ते कळेल. तातेवात्सींच्या समाधीपाशी थांबा. आणि गाईडला त्सुराबेर्दबद्दल विचारा. त्याला माहीत असेल तर तासभर ऐका. नसेल, तर तुम्ही सांगा.