दर्यावर दस्तक कोणाचे?



जून 2019 मध्ये अरबी समुद्रात ‘वायू’ चक्रीवादळ जोर धरत होते, तेव्हा दहा चिनी जहाजांनी रत्नागिरी बंदराचा आसरा मागितला. तटरक्षक दलाने माणुसकीच्या नात्याने तो दिला आणि बंदोबस्तही ठेवला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, वाटायचे कारणही नव्हते. त्यांनी विचारले, आपण हो म्हटले.

त्याला दोन वर्षे व्हायच्या आत, 7 एप्रिल 2021 रोजी, अमेरिकेच्या सातव्या आरमारी ताफ्याने एक निवेदन काढले. ‘जॉन पॉल जोन्स’ ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे 130 सागरी मैलांवर, भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून गेली आणि त्यासाठी भारताची पूर्वसंमती मागितली नाही, असे त्यात आवर्जून नमूद केले होते. युद्धनौका रोजच ये-जा करतात. होर्मुझहून मलाक्काकडे जाणारी वाट आपल्याच दारावरून जाते. खटकले ते हे, की न विचारल्याचाच जाहीर पुकारा झाला. दोन दिवसांनी परराष्ट्र मंत्रालयाने आपली चिंता अमेरिकेला कळवल्याचे सांगितले, आणि विषय मिटला.

तो मिटू नये, असे आम्हाला वाटते.

रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाच्या ताफ्याने वाशिष्ठीच्या मुखावरचे भरभराटीचे दाभोळ जाळले. त्या शतकात या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला आपल्याच समुद्रातून जायला पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. तो नसला की गलबत मालासकट जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच हक्क आपला म्हणून बजावला: या किनाऱ्यावर व्यापार करायचा तर दस्तक आमचे. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले.

मग जे घडले ते अधिक बोचते. तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार मदतीला बोलावले. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग पाडाव केला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाखाली आले आणि आंग्र्यांचे आरमार खाडीतच जळून गेले. घरचे भांडण मिटवायला आलेल्या पाहुण्यांनी विजयदुर्ग सोडायला महिनोनमहिने घेतले, आणि त्याच वर्षीच्या पुण्याच्या तहात बदल्यात बाणकोट व आसपासची गावे मिळवली. सावित्रीच्या मुखावरचा तो किल्ला फोर्ट व्हिक्टोरिया झाला. मराठी आरमार पुन्हा त्या तोडीचे उभे राहिले नाही. दाभोळ जाळणारे परके होते. सुवर्णदुर्गाची वाट मात्र आपण दाखवली.

म्हणून परक्या आरमाराबरोबरच्या गस्तीचे प्रत्येक आमंत्रण तोलून पाहावे, असे आम्ही म्हणतो. मैत्री जरूर असावी, संयुक्त सरावही व्हावेत. पण राखण करणारा उद्या काय मागेल, हे आधी विचारावे. श्रीलंकेने 2017 मध्ये हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीला दिले, आणि 2022 मध्ये भारताची हरकत असतानाही ‘युआन वांग 5’ हे चिनी जहाज तिथे येऊन लागले.

कायद्याची बाजू सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याप्रमाणे 12 सागरी मैलांच्या आत येणाऱ्या परकी युद्धनौकेने आगाऊ सूचना द्यायची असते. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्याच्या कराराला मान्यता देताना भारताने जाहीर केले की 200 मैलांच्या क्षेत्रात, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंत, आमच्या संमतीवाचून लष्करी कवायती करता येणार नाहीत. पण त्या करारात तसे स्पष्ट लिहिलेले नाही, आणि अनेक देशांना आपला अर्थ मान्य नाही. अमेरिकेने तर करारालाच मान्यता दिलेली नाही. शिवाय दक्षिण चीन समुद्रात चीन अशाच अटी घालतो तेव्हा आपण मुक्त संचाराचा पुरस्कार करतो. दोन्हीकडे एकच भूमिका कशी टिकेल, याचे उत्तर दिल्लीने दिले पाहिजे.

एक उदाहरण आपल्या बाजूचे आहे. ऑक्टोबर 2008 पासून भारतीय नौदल एडनच्या आखातात गस्त घालते. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ हे पळवलेले जहाज अडवून 35 चाच्यांना शरण आणले आणि 17 खलाशी सुखरूप सोडवले. कोकणात घरटी नसले तरी वाडीगणिक कोणीतरी जहाजावर आहे. त्या घरांना या गस्तीचे मोल वेगळे सांगायला नको. पण सोमालियाच्या हद्दीत परक्या नौदलांना शिरता यावे म्हणून 2008 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव केला, तोही सोमालियाच्या सरकारची संमती घेऊन. ज्या देशाकडे किनारा राखायला बोटी नव्हत्या, त्यालाही विचारले गेले. मग भारताला का नाही?

हत्यारबंद परकी माणसे व्यापारी वाटेवर फिरू लागली की गोळी कोणाला लागते, हे फेब्रुवारी 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून वीस मैलांवर दिसले. ‘एनरिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांनी चाचे समजून दोन मच्छीमारांना ठार केले. 2020 मध्ये लवादाने निकाल दिला: नुकसानभरपाई द्या, पण खटला भारतात चालणार नाही. दहा कोटी रुपये जमा झाले आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथले प्रकरण बंद केले.

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बोट सुटण्याआधी तांडेलाच्या प्लास्टिकच्या पिशवीत काय असते ते पाहा: नोंदणी दाखला, मासेमारी परवाना, प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र. पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवून दहशतवादी मुंबईत उतरले, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली. तांडेल कुरकुरतो, पण कागद दाखवतो. समुद्रात वेगळी हालचाल दिसली तर आधी तोच वायरलेसवर कळवील, अशी सरकारची त्याच्याकडून अपेक्षा आहे. या माणसाच्या समुद्रातून परकी युद्धनौका न विचारता गेली, तर ते त्याला दुसऱ्या देशाच्या निवेदनातून कळावे, हे आम्हाला पटत नाही.

कोकणच्या खासदारांकडे आमची मागणी आहे. अशी प्रत्येक घटना सरकारने स्वतःहून संसदेत सांगावी, आणि 1976 च्या कायद्यावर व 1995 च्या घोषणेवर मोकळी चर्चा व्हावी. संमतीचा आग्रह धरायचा असेल, तर तो अमेरिका, चीन, सगळ्यांना सारखाच लावावा. त्या चर्चेला मच्छीमार संस्थांचे आणि खलाशी संघटनांचे प्रतिनिधी बोलवावेत.