दगडी बैलाची शेंगांची जत्रा

पुण्याहून निघालेला महामार्ग सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करीत बंगळूरला पोहोचतो, तेव्हा शहराची पहिली ओळख होते ती पीण्या औद्योगिक क्षेत्राची. लेथ आणि सीएनसी यंत्रांची खडखड, पावडर कोटिंग व प्लेटिंगचा वास, पाळी सुटताच कपड्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बायकांची रांग. गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकात उभी राहू लागलेली ही वसाहत आज आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. आमच्यासारखी काही मराठी कुटुंबे याच रस्त्याने इथे आली आणि इथलीच झाली.

गावाकडून पाहुणे आले की ठरलेला प्रश्न विचारतात, ‘‘इथे बघायला काय आहे?’’ पीण्यात बघण्यासारखे खरोखरच काही नाही. मग लालबाग आणि विधानसौध दाखवून, म्हैसूरची एक फेरी मारून पाहुण्यांची बोळवण होते. पण पाहुणे कार्तिकाच्या अखेरीस आले तर मात्र मी त्यांना म्हैसूरला पाठवत नाही. त्यांना घेऊन मी मेट्रोत बसते आणि शेंगांच्या जत्रेला नेते.

या जत्रेचे नाव ‘कडलेकाई परिषे’. कानडीत परिषे म्हणजे जत्रा आणि कडलेकाई म्हणजे भुईमुगाची शेंग. दर वर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दक्षिण बंगळूरच्या बसवनगुडी भागात ती भरते. आपला आणि कर्नाटकाचा कार्तिक एकच, त्यामुळे घरच्या कॅलेंडरवरून तारीख काढता येते. २०२४ मध्ये ती २५ नोव्हेंबरला आली, २०२५ मध्ये १७ नोव्हेंबरला. थंडी नुकती पडू लागलेली असते. बुल टेंपल रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीगच ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, लाल दाण्याच्या, टपोऱ्या, बारीक, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. मध्येच बांगड्या, मातीची खेळणी, बत्तासे आणि पाळणे. पण बाकी सारे तोंडी लावण्यापुरते. जत्रा शेंगांची, आणि तिचा मानकरी एक बैल.

बैलाची गोष्ट

लोक सांगतात ती कथा अशी. पूर्वी इथे सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी अशी खेडी होती आणि शिवारात भुईमूग पिकत असे. पीक तयार झाले की रात्री एक बैल येई आणि शेते फस्त करून जाई. एके रात्री शेतकरी दबा धरून बसले आणि त्यांनी त्याला सोट्याने बडवले. बैल पळत टेकडीवर गेला आणि तिथे दगड होऊन बसला. हा तर शिवाचा नंदी, हे कळल्यावर लोक घाबरले. त्यांनी नवस बोलला की यापुढे पहिले पीक तुझे. बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांनी सोळाव्या शतकात त्याचे देऊळ बांधले असे मानतात. त्या देवळामुळेच या भागाला बसवनगुडी, म्हणजे बसवाचे देऊळ, हे नाव पडले.

देवळातला नंदी एकाच दगडात कोरलेला आहे. उंची सुमारे १५ फूट, लांबी २० फूट. तेला-लोण्याने तो काळाभोर चमकतो. तो पूर्वी वाढत होता, म्हणून त्याच्या माथ्यावर त्रिशूळ ठोकला, असेही सांगतात. पायथ्याशी दोड्ड गणपतीचे देऊळ आहे. दोड्ड म्हणजे मोठा, आणि मूर्तीही नावाप्रमाणेच आहे. जत्रेची सुरुवात सजवलेल्या बैलांपुढे शेंगा ठेवून करतात. ज्याने पीक खाल्ले त्यालाच बोलावून खाऊ घालायचे, अशी ही गमतीदार रीत.

गंमत आणखी एक आहे. भुईमूग मूळचा आपला नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० मध्ये, आणि युरोपी गलबतांच्या येण्याजाण्यातून मिरची, काजूप्रमाणे हे पीकही आपल्या किनाऱ्याला लागले. केंपेगौडांनी बंगळूर वसवले १५३७ मध्ये. म्हणजे बैलाच्या गोष्टीच्या वेळी हे पीक इथे असलेच, तर ते अगदी नवखे पाहुणे होते. पाहुण्याला नाव देताना प्रत्येकाने घरातलेच कडधान्य आठवले. कानडी माणसाने हरभऱ्याच्या ‘कडले’वरून कडलेकाई म्हटले, आपण मुगावरून भुईमूग. आज त्याच्या कुटाशिवाय आपल्याकडे उपासाची खिचडी होत नाही.

पहिले पीक देवाला ही रीत मराठी घराला नवी नाही. कार्तिक संपला की थोड्याच दिवसांत चंपाषष्ठी येते. चातुर्मासात बंद केलेले वांगे त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा खायचे, हा नेम अजून कितीतरी घरांत पाळला जातो. नवे आले की आधी हात जोडायचे, मग हात मारायचा. मुलांना हे सांगायला जत्रेइतकी चांगली शाळा नाही.

शेंग जाणणारी माणसे

माझ्या सासूबाईंना मी या जत्रेला नेले तेव्हा तिचे आणखी एक रूप दिसले. त्या सातारा जिल्ह्यातल्या. मामंजी गेल्यावर शेत वाट्याने दिले आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. आयुष्यभर शिवारात वावरलेली बाई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवस काढू लागली. शेजारणी चांगल्या, पण त्यांना मराठी येत नाही आणि यांना कानडी. गॅलरीत बसून ट्रक मोजणे एवढाच विरंगुळा. त्यातच महामार्गाजवळच्या आमच्या त्या जमिनीला गिऱ्हाईक आले होते. ती विकावी आणि इथे स्वतःचे घर घ्यावे असे आमचे आणि भाऊजींचे बोलणे चालले होते. सासूबाईंनी ‘‘तुम्ही ठरवाल ते’’ म्हणून मान हलवली होती.

सोमवारी यांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही रविवारीच गेलो. हल्ली सोमवारच्या आधीच दुकाने लागू लागतात. एका ढिगापाशी चिंतामणीकडची एक शेतकरीण बसली होती. सासूबाई तिच्यासमोर चक्क फतकल मारून बसल्या. एक शेंग उचलली, कानाशी हलवली, अंगठ्याने फोडली. दाणा तोंडात टाकण्याआधी टरफलाची आतली बाजू उजेडात धरली. ती काळपट झाली असेल तर शेंग पुरती पक्व, पांढरी असेल तर घाई झाली, हे मला त्या दिवशी कळले. ‘‘वेळेवर काढलीस गं,’’ त्या मराठीत म्हणाल्या. मग आभाळाकडे बोट केले, हाताने जमीन दाखवली आणि दोन बोटे वर उचलून कोंब आल्याची खूण केली. काढणीला पाऊस लागला का, असा तो प्रश्न होता. शेतकरीण हसली. गोणीमागून कोंब फुटलेल्या मूठभर शेंगा काढून तिने यांच्या ओंजळीत टाकल्या. मग दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. मी दुभाषी म्हणून पुढे सरकले, पण माझी गरज कोणाला पडली नाही.

नातीला वेगळेच कोडे पडले. शेंगा झाडाला कुठे लागतात? आजीने मुळासकट उपटलेला एक वेल उचलला आणि दाखवले. पिवळे फूल वर लागते, मग त्यातून आरी सुटते, ती खाली वाकून मातीत शिरते आणि अंधारात तिची शेंग होते. मुळांवरच्या बारीक गाठी दाखवून त्या म्हणाल्या, ‘‘हे जमिनीचं खत. भुईमूग घेतला की पुढचं पीक चांगलं येतं.’’ शाळेच्या पुस्तकातला नत्राचा धडा तिथे रस्त्यावर झाला.

शेंगा सेराच्या मापाने विकतात. शेजारचे एक गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालत होते. ते पाहून नात म्हणाली, ‘‘आजी, आपणही कमी करायला सांगू या?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘भाव नाही करायचा, माप बघायचं. मापाला शीग आहे ना? मग पैसे द्यायचे.’’ शेतकरिणीने माप शिगोशीग भरून ओतले आणि वर एक ओंजळ घातली. खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, हा नियम दोघींनाही ठाऊक होता.

परतताना सासूबाईंनी विचारले, ‘‘बैल शिरायचा ती शेतं कुठायत?’’ मी आजूबाजूला हात फिरवला. सुंकेनहळ्ळी आणि गुट्टहळ्ळी आता शहरातले मोहल्ले आहेत. मावळ्ळीचे नाव १९२४ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध मावळ्ळी टिफिन रूममुळे खवय्यांच्या तोंडी आहे, म्हणजे एमटीआर. १८९८ मधल्या प्लेगनंतर मोकळी, हवेशीर वस्ती हवी म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही उपनगरे वाढीस लागली. आता नवसाच्या शेंगा कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूरहून येतात, आंध्र आणि तमिळनाडूतूनही येतात. ‘‘म्हणजे बैलानं नाही खाल्ली,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी यांना समोर बसवले. ‘‘जमिनीचं मी हो म्हटलं होतं. आता जरा थांबा,’’ म्हणाल्या. तो निर्णय अजून झालेला नाही. घरभाडे दर वर्षी वाढते, भाऊजींच्या मुलांची शिक्षणे आहेत, कोरडवाहू जमिनीचा वाटा हाती येतो तो खर्च वजा जाता थोडाच. यांचे म्हणणे चूक नाही आणि सासूबाईंचेही नाही. पण पूर्वी त्या केवळ मान हलवत, आता आकडे विचारतात. या वर्षी किती आले, बियाणे कोणते पेरले, गिऱ्हाईक भाव काय म्हणते. घरातल्या वडीलधाऱ्यांना काय कळते हे आपण विचारत नाही, आणि ज्यातले त्यांना कळते ते समोर येईपर्यंत तेही बोलत नाहीत.

जायचे असेल तर

पीण्याहून जाणे सोपे आहे. मेट्रोची हिरवी मार्गिका २०१४ मध्ये पीण्यापर्यंत आली आणि २०१७ पासून ती थेट दक्षिण बंगळूरपर्यंत जाते. नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरायचे, गाडी बदलावी लागत नाही. तिथून रमतगमत वीस-पंचवीस मिनिटे चालले की जत्रा. सोमवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील तर सकाळी लवकर किंवा आदल्या दिवशी जा. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

वाटेत वेळ असेल तर मल्लेश्वरमला उतरून काडु मल्लेश्वराचे देऊळ पाहा. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवाला दिलेल्या दानाची नोंद १६६९ मधल्या शिलालेखात आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे मुलांना तिथे उभे राहून सांगितले की लक्षात राहते. अलीकडे कार्तिकात तिथेही शेंगांची परिषे भरू लागली आहे.

कापडी पिशव्या घरूनच न्या. जत्रेत प्लास्टिक नको म्हणून आता तिथेही आग्रह धरला जातो. शेंगा आधी चाखा, टरफलाची आतली बाजू बघा, मग घ्या. ओल्या शेंगा पिशवीत कोंडून ठेवल्या तर बुरशी धरतात, म्हणून घरी येताच पसरून ठेवा. काळ्या पडलेल्या किंवा बुरशीचा वास येणाऱ्या शेंगा सरळ टाकून द्या, त्या पोटाला अपायकारक असतात. उकडायच्या शेंगा आधी धुऊन घ्या आणि मीठ पाण्यात सुरुवातीलाच घाला, म्हणजे ते दाण्यापर्यंत पोहोचते.

आणि भावात दोन-पाच रुपये कमी करण्यासाठी तासभर घालवू नका. माप शिगेचे आहे एवढे पाहा.