जेसीबी येण्याआधीचे पंधरा दिवस

पुण्याच्या पेठेतला वाडा पाडायचा ठरला आणि कोणी म्हणालं, ‘खोदाईआधी पुरातत्त्ववाल्यांना एकदा बघू द्या,’ की मालक, भाडेकरू, बिल्डर तिघेही धास्तावतात. ही धास्ती उगाच आलेली नाही. शनिवारवाड्याभोवती शंभर मीटरांत नवं बांधकाम २०१० च्या कायद्याने बंद आहे आणि तिथली कुटुंबं टेकू दिलेल्या भिंतींआड दिवस काढताहेत. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. पण बंदी वेगळी, पाहणी वेगळी. पाहणी म्हणते, बांधा, फक्त आधी बघू द्या. बंदीचा राग तिच्यावर काढणं हा अन्याय आहे.

अभ्यासू मंडळींचा आक्षेप दुसराच: पेशवाईचं सगळं दप्तरात आहे, मातीत काय मिळणार? दप्तरात हिशेब आहेत, हुकूम आहेत. पण वाड्यात राबणाऱ्या बाईची फुटकी बांगडी, मुदपाकखान्यामागे टाकलेली हाडं, कात्रजच्या नळाचं पाणी कुणाच्या हौदापर्यंत पोचलं आणि कुणाच्या दाराशी थांबलं, हे मातीलाच विचारावं लागतं. आणि कसब्यात तर वाड्याच्या पायाखाली त्याहून कितीतरी जुनं गाव असू शकतं. पुण्याचा उल्लेख इ.स. ७५८ आणि ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत आहे. त्या माणसांचं दप्तर नाही. उरली असतील तर त्यांची खापरं.

‘वेळ कुठे आहे?’ भाडेकरूंच्या सह्या आणि मंजुऱ्यांत वर्षं जातात, तिथे पंधरा दिवसांनी कुणाचं घर अडत नाही. आणि काही सापडलं तरी इमारत अडतेच असं नाही. लंडनमध्ये १९८९ साली ऑफिसच्या इमारतीच्या जागेवर १५८७ च्या रोझ नाट्यगृहाचा पाया सापडला. लोक रस्त्यावर उतरले, आराखडा बदलला, अवशेष तळाशी जपून वर इमारत उभी राहिली. पुढच्याच वर्षी इंग्लंडने परवानगीआधी पाहणीचा शिरस्ता घातला.

महापालिकेने जुन्या पेठांतल्या बांधकाम परवान्यात एवढीच अट घालावी: वाडा उतरवल्यावर, पार्किंगची खोदाई सुरू होण्याआधी, पंधरा दिवस चौकात आणि जोत्यालगत तीन-चार चाचणी खड्डे, मोजमाप, छायाचित्रं. पुरातत्त्व शिकवणारं डेक्कन कॉलेज याच शहरात आहे. जाणत्या हातांची वाण नाही. मुदत संपली की काम सुरू, काही सापडलं म्हणून परवाना रद्द होणार नाही, हेही त्याच कागदावर असावं. खर्च वाढीव एफएसआय घेणाऱ्या बिल्डरने उचलावा, भाडेकरूंच्या माथी येऊ नये.

ज्यांचा वाडा यंदाच उतरायचा आहे, त्यांनी या अटीची वाट पाहू नये. जेसीबी आत येण्याआधी आपला आड, हौद आणि बळद तरी मोजून, फोटो काढून ठेवावेत.