काशीला निघण्यापूर्वी टायर पाहा
थंडीत मोटारीने काशीयात्रेला निघणार आहात? डिसेंबर-जानेवारीत अहिल्यादेवींनी बांधलेला अहिल्याबाई घाट पहाटे अनेकदा धुक्यात हरवतो, तसेच तिकडचे रस्तेही. तिथे बर्फ पडत नाही, त्यामुळे बर्फाचे खास टायर घ्यायला नकोत. मात्र पारा साधारण सहा अंशांनी उतरला, की टायरमधली हवा सुमारे एक पौंडाने घटते. पुण्यात दुपारी तीस अंशांत भरलेली हवा काशीच्या दहा अंशांच्या पहाटे तीनेक पौंड कमी भरते. म्हणून हवा सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वीच तपासा. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या असतील, तर टायर बदला. धुक्यात पुढचा ट्रक अगदी जवळ आल्यावरच दिसतो. तेव्हा दवाने ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर वेळेवर थांबत नाही. आणि हो, स्टेपनीची हवाही विसरू नका!