नासाडी उगमापाशीच थांबवावी

कारखान्यांतून बाहेर पडणारे घाण पाणी, धूर व कचरा यांची चर्चा आज गावोगाव होत असते. या चर्चेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, तो हा की, ही घाण स्वच्छ कशी करावयाची? ती मुळात निर्माणच का होते, हा त्याआधीचा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक नाल्यात जे वाहून जाते ते मालकाने पैसे मोजून घेतलेला कच्चा माल, पाणी आणि इंधनच असते. म्हणून पर्यावरणाचे रक्षण व धंद्यातील काटकसर ही दोन वेगळी कामे नसून पुष्कळ अंशी एकच काम आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने सीबीडी बेलापूरचा परिसर विचार करण्याजोगा आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविताना बेलापूर हे कचेऱ्यांचे केंद्र म्हणून आखले. सिडको भवन, कोकण भवन व महानगरपालिकेचे मुख्यालय येथेच आहे. उत्तरेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा पसरला आहे, तर लगतच पनवेलची खाडी व तिच्या काठचे दिवाळे हे कोळ्यांचे गाव आहे. कोकणचा आंबा व घाटावरील भाजीपाला ज्या घाऊक बाजारात उतरतो तो बाजारही येथून फार दूर नाही. कचेरी, कारखाना, बाजार व खाडी अशी सर्व येथे शेजारी शेजारी नांदतात. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले व २०२२ साली त्यास रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. अशा खाडीच्या काठी उद्योग चालवावयाचा तर जबाबदारी दुप्पट होते.

शहराचे सांडपाणी विशेष शुद्ध करून ते कारखान्यांना पुरविण्यासाठी महानगरपालिकेने कोपरखैरणे व ऐरोली येथे केंद्रे उभारली आहेत. हे काम स्तुत्य होय. परंतु पाणी शुद्ध करण्यासही वीज व रसायने लागतात आणि शेवटी गाळ उरतोच. सबब, जे पाणी मुळात मळलेच नाही तेच सर्वांत स्वस्त पडते.

नासाडी शोधण्याची एक शिस्तबद्ध रीत जपानात दुसऱ्या महायुद्धानंतर विकसित झाली. भांडवल व साहित्य यांची टंचाई असताना टोयोटा मोटार कंपनीतील अभियंते ताइची ओहनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा अधिक उत्पादन, अनाठायी साठा, खोळंबा, मालाची निष्कारण ने-आण, माणसांची निष्कारण हालचाल, नको तितकी प्रक्रिया आणि सदोष माल. पुढे १९८८ च्या सुमारास अमेरिकेत या पद्धतीस ‘लीन’, म्हणजे सडसडीत, हे नाव मिळाले. अंगावर चरबी न ठेवता काम करणारा धंदा, असा त्याचा भाव आहे.

या प्रत्येक नासाडीमागे पर्यावरणाची हानी दडलेली असते. रंगाच्या कारखान्यात दर वेळी रंग बदलताना पिंप धुवावे लागते. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे अशा क्रमाने काम लावले तर धुण्याच्या वेळा कमी होतात, पाणी वाचते व नाल्यात जाणारा रंगही घटतो. यासाठी नवे यंत्र लागत नाही, कामाचा क्रम तेवढा बदलावा लागतो. बाष्पक तापवून ठेवावयाचा आणि माल मात्र तासभराने यावयाचा, या खोळंब्यात इंधन फुकट जळते. सदोष निघालेला माल तर दोनदा इंधन खातो आणि एकदा कचरा होतो.

शेतीमालास हाच न्याय लागू पडतो. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार पेरूची नासाडी १५.८८ टक्के व टोमॅटोची १२.४४ टक्के आढळली. टोमॅटो कुजतो तेव्हा त्यासाठी दिलेले पाणी, घातलेले खत, जाळलेले डिझेल व मजुराचे श्रमही त्याजबरोबर कुजतात. बाजाराची मागणी आधी विचारणे, उन्हाच्या आत तोडणी आटोपणे, क्रेट दाबून न भरणे व माल एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे प्रसंग कमी करणे, हे उपाय साधे असले तरी उगमावरचे आहेत.

तथापि ही पद्धत म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. साठा नको म्हणून अर्धा रिकामा टेंपो दिवसातून तीनदा धाडला तर गोदाम मोकळे राहील, पण डिझेल अधिक जळेल. ज्या वहीत केवळ रुपये मांडले जातात तिच्यात स्वस्त मिळणारे पाणी व फुकट मिळणारी हवा कधीच दिसत नाही. काटकसर म्हणजे मजुरांची कपात, असा अर्थ जेथे लावला जातो तेथे कामगार दोष दाखविण्याऐवजी लपवू लागतो आणि पद्धतीचा प्राणच जातो. म्हणून पाणी, इंधन व कचरा यांचे मोजमाप आणि कामगाराचा विश्वास ही या पद्धतीची दोन चाके समजावीत.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी केंद्र शासनाने १० मार्च २०२३ रोजी ‘लीन’ योजना सुरू केली. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भाग शासनाने उचलावा, अशी तरतूद तीत करण्यात आली. गावातील भातगिरणी, फळप्रक्रिया केंद्र वा काजू कारखाना यांनी या रीतीकडे मोठ्या कारखान्यांचे काम म्हणून पाहू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरंभ लहान करावा. भातगिरणीत एक दिवस भाताच्या पोत्यामागे चालत जावे. ते कोठे थांबते, किती वेळा उचलले जाते, किती दाणा सांडतो, शंभर किलो भातामागे निघणाऱ्या सुमारे वीस किलो तुसाचे पुढे काय होते, हे गिरणीतील माणसांसमवेत वहीत लिहावे. त्यांतील एकच नासाडी निवडून महिनाभर तिच्यावर उपाय करावा व पुन्हा मोजावे. नंतर दुसरी घ्यावी. गिरणीवाल्याची बचत आणि ओढ्याचे पाणी या दोहोंचा हिशोब एकाच वहीत मांडण्याची सवय जडली, म्हणजे खाडीपर्यंत पोहोचणारी घाण तिच्या वाटेवरच थोडी थोडी कमी होत जाईल.