हिमस्खलनाचा इशारा कोणासाठी?

बद्रीनाथपलीकडच्या माणा गावापाशी २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी हिमस्खलनात गाडली गेली. कंटेनरमध्ये मुक्कामाला असलेल्या ५४ जणांपैकी ४६ वाचले, आठ दगावले. चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागात हिमस्खलनाचा धोका आहे, असा इशारा चंडीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच संध्याकाळी दिला होता. इशारा वेळेत निघतो आणि माणसे तरीही उताराखालीच झोपतात, ही व्यवस्थेची हार आहे.

हिमस्खलनाला निव्वळ दैवाचा घाला म्हणून सोडून देता येत नाही. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळपास कोरडा गेला. फेब्रुवारीत उशिरा भरपूर बर्फ पडला आणि २२ तारखेला खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीपटू गाडला जाऊन मरण पावला. त्याआधीच्या वर्षी गुलमर्गच्याच अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू दगावले होते. अशा हवामानात बर्फाच्या आत काय घडते, हे शास्त्राला ठाऊक आहे. पातळ थर कडाक्याच्या थंडीत बरेच दिवस पडून राहिला की त्याचे कण एकमेकांना धरत नाहीत. मुठीत घेतले तर रव्यासारखे गळतात. त्यावर वारा नव्या बर्फाची घट्ट लादी बसवतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशी लादी एका माणसाच्या वजनानेही तुटू शकते. स्कीपटूंना मोहात पाडणारे उतारही नेमके हेच. पावलाखाली ‘धप्प’ असा आवाज येऊन बर्फ खचला, तर तिथूनच मागे फिरायचे असते. स्कीपटू-गिर्यारोहकांच्या जीवघेण्या दुर्घटनांमध्ये बहुतेकदा उतार मोडतो तो गाडल्या गेलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. बर्फवृष्टीनंतर पहिले लख्ख ऊन पडते, तेव्हा तर अधिकच सावध राहायला हवे.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच जगण्याची आशा मोठी असते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. वाचवू शकतो तो शेजारचा सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारा बीकन, पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी) व फावडे आणि ते वापरण्याचा सराव हवा. उत्तराखंडमधल्या द्रौपदी का दांडा येथे ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तर गिर्यारोहण प्रशिक्षण संस्थेची तुकडीच हिमस्खलनात सापडली. त्यात २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. एव्हरेस्टवीर सविता कंसवाल त्यातच गेली. तयारीच्या गिर्यारोहकांची ही गत होते, तिथे हौशी गटाला किती जपावे लागेल?

हा प्रश्न महाराष्ट्राचाही आहे. उत्तराखंडमधल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला पुण्या-मुंबईची तरुण मुले दरवर्षी जातात. सह्याद्रीत कमावलेला दम तिथे उपयोगी पडतो, पण बर्फ वाचायला सह्याद्री शिकवत नाही. म्हणून आयोजकावरची जबाबदारी वाढते. ठरलेल्या दिवशी शिखर गाठून देण्याच्या हट्टापायी धोक्याच्या उतारावर गट नेणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

नेमक्या इशाऱ्याचा नमुना जगात आहे. जागतिक आर्थिक परिषदेमुळे आपल्याला माहीत असलेल्या दावोसमध्ये स्वित्झर्लंडची हिमसंशोधन संस्था आहे. ती हिवाळ्यात चार भाषांत पत्रक काढते आणि कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, कसल्या थरामुळे धोका आहे, ते सांगते. आपल्याकडे १९६९ मध्येच मनालीत या शास्त्राचे काम सुरू झाले. म्हणजे ज्ञानाची वानवा नाही. जिल्ह्याच्या नावाने निघणारा इशारा डोंगराच्या धारेपर्यंत आणि ओढ्यापर्यंत नेमका करावा, तो हिंदीत व स्थानिक भाषांत प्रत्येक तळावर लावावा, धोका वाढला की छावणी हलवणे आणि ट्रेकची परवानगी थांबवणे बंधनकारक करावे. केंद्राने आणि हिमालयीन राज्यांनी हे पुढच्या हिवाळ्याआधी करायला हवे.

तोवर वाचकांना एक विनंती. हिमालयातल्या हिवाळी ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: आजचा इशारा कोण वाचतो, माघारीचा निर्णय कोण घेतो आणि बीकन प्रत्येकाला मिळणार का? उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे भरू नका.