घरचा केर व बाहेरचा चोर

जें घर रोज झाडलें जातें, त्यांत शिरलेला विंचू लवकर दृष्टीस पडतो, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. आपल्या शरीरांतील पेशींचा संसारहि याच न्यायानें चालतो. पेशी आपले जीर्ण झालेले भाग दुहेरी पटलाच्या पिशवींत बांधते व लायसोसोम नामक पाचक कोशांत त्यांचें पचन करिते. त्यांतून निघालेलें द्रव्य पुन्हां उपयोगीं पडतें. ख्रिस्तियान द ड्यूव्ह यांनीं १९६३ सालीं या क्रियेस ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हें नांव दिलें. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनीं यीस्टवर प्रयोग करून तिचीं जनुकें शोधिलीं. त्याबद्दल त्यांस २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

ही पिशवी केवळ केर भरीत नाहीं. भक्षक पेशींत दडून बसणारा क्षयाचा जंतुहि तिच्या योगानें लायसोसोमच्या तावडींत सांपडतो, असें २००४ सालीं दिसून आलें. उपजत प्रतिकारशक्तीचें हें एक शस्त्रच झालें. परंतु त्या शक्तीस आवर घालणें, हेंहि स्वभक्षणाचें काम आहे. २००८ सालीं जपानी संशोधकांनीं उंदरांत या क्रियेस अवश्य असें एक जनुक निकामी केलें. तेव्हां त्यांच्या भक्षक पेशी जंतुविष लागतांच दाह वाढविणारें द्रव्य बेसुमार सोडूं लागल्या. त्याच जनुकांतील एक भेद मनुष्यांत क्रोन नामक आंतड्याच्या दाहविकाराशीं निगडित आहे. चोरास हांकलावें, पण त्या भरांत घर पेटवूं नये, असा हा बंदोबस्त आहे.

आतां, पेशीची उपासमार झाली म्हणजे स्वभक्षण वाढतें, हें खरें. परंतु तेवढ्यावरून ‘उपवास करा, क्षय पळेल’ असा उपदेश कोणी करील, तर तो आम्ही घातकच समजतों. यीस्टवरील व उंदरांवरील प्रयोग म्हणजे रुग्णाचें पथ्य नव्हे. क्षयासंबंधीं अनुभव तर उलट आहे. झारखंडांत क्षयरोग्यांच्या घरच्या मंडळींस पुरेसा शिधा दिला असतां त्यांच्यांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं घटलें, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें.

ज्यांस एकादशी करावयाची, त्यांनीं ती श्रद्धेनें करावी. तींत शास्त्राची साक्ष ओढण्याचें कारण नाहीं. पण सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेस दोन आठवड्यांवर खोकला येत असेल, तर तिला उपवास सांगूं नये. तिला दवाखान्यांत न्यावें, औषध पूर्ण मुदतीपर्यंत द्यावें, आणि तिचें ताट सर्वांच्या आधीं वाढावें.